डाळ न शिजणारं पाणी

आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे. कितीही जाळ घाला, तुरीचा दाणा दाताखाली यायचाच. आईला त्या घरात आल्यापासून डाळीवरून बोलणी खावी लागली. आजी होती तोवर आजीची, आजी गेल्यावर मोठ्या काकांची. "पोरीची आय झाली, पन डाळ शिजवाया नाय शिकली," असं काका ताटावर बसून म्हणायचे आणि तीच डाळ दोनदा मागून घ्यायचे. सणावाराला किंवा पाहुणा आला की आई ओढ्याचं पाणी वापरायची. ओढा शेतापलीकडे, खाली उतारावर, आणि तिथून हंडा भरून आणायचं काम माझं. ओढ्याच्या पाण्यात डाळ अशी मऊ व्हायची की पळी फिरवली तरी घोटली जायची. पण रोजच्या डाळीला विहिरीचंच पाणी, आणि रोजची बोलणी. पाणी जड आहे, त्याला ती बाई काय करणार, एवढी साधी गोष्ट घरातल्या एकाही पुरुषाच्या डोक्यात शिरली नाही. शिरली असेल तरी कुणी बोलून दाखवली नाही.

हेच पाणी पुढे दादांच्या कामी आलं. दादा म्हणजे माझे वडील. मुंबईत एका शेठच्या रंगीत माशांच्या दुकानात ते कामाला होते. खायचे मासे नव्हेत, काचेच्या पेटीत ठेवून बघायचे. पाण्याने भरलेल्या पेट्या सरकवून सरकवून त्यांची कंबर गेली आणि ते कायमचे गावी आले. आमचं घर किन्हवलीहून सरळगावकडे जाणाऱ्या रस्त्याला. तालुका शहापूर, पण बाजारहाट सगळा मुरबाडचा. त्याआधी एकदा सुटी संपवून मुंबईला जाताना दादांनी शेठला दाखवायला म्हणून विहिरीचं पाणी बाटलीतून नेलं होतं. शेठने त्यात औषधाचे थेंब टाकून रंग बघितला आणि ओरडलाच, "अरे, हे तर आयतं सिक्लिडचं पाणी! लोक खडे टाकून, मीठ टाकून बनवतात, तुझ्या विहिरीत फुकट पडलंय!" सिक्लिड हे माशांचं एक मोठं कुळ. त्यातल्या आफ्रिकेच्या तळ्यांतल्या जातींना असंच जड पाणी मानवतं. आमच्या धरणातली चिलापीसुद्धा त्याच कुळातली, फक्त ती गरीब नातेवाईक, तिला कुणी काचेत ठेवत नाही, तव्यावर ठेवतात. आईने हे ऐकलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "म्हंजे आफ्रिकेच्या माशांना चालतं ते पानी, तुमच्या भावाला चालत नाय," एवढंच ती म्हणाली.

बैल विकल्यापासून गोठा रिकामाच होता. तिथे दादांनी सिमेंटच्या टाक्या बांधल्या. शेठ बोटाच्या पेराएवढी पिल्लं द्यायचा, आम्ही ती वाढवून परत द्यायचो. दादा प्लास्टिकच्या पिशव्यांत मासे भरून, त्या पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात बसवून, मुरबाडच्या स्टँडवरून कल्याणची एसटी धरायचे. पण वाकणं त्यांना जमेना, म्हणून टाक्यांचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. बारावी झाली होती, पुढे कुणी पाठवत नव्हतं. सकाळी उठलं की आधी गोठ्यात. हवेच्या पंपाची घूंघूं सगळ्या घरभर ऐकू यायची, आणि तिची इतकी सवय झाली होती की लाइट गेली, आवाज थांबला, की मी हातातलं काम टाकून पळत सुटायची. लोडशेडिंग म्हणजे दुपारच्या दुपारी. मी टाकीच्या कडेला बसून तांब्याने पाणी उचलायची आणि उंचावरून परत ओतायची, तेवढीच माशांना हवा. खांदे भरून यायचे. सुकट धुऊन, वाटाण्याबरोबर वाटून मी त्यांच्या गोळ्या करायची. काकांना ते बघवायचं नाही. "माणसाच्या तोंडचा घास माशाच्या तोंडात! उद्या त्यांना पानपण लावून द्या," म्हणायचे. सिक्लिड हा शब्द त्यांच्या जिभेवर बसलाच नाही. ते 'शिकलेले मासे' म्हणायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे. स्वतः मात्र दिवसभर ओटीवर विडी ओढत बसलेले. कामाला बोलावलं की यांची कंबर दुखणार, आणि खरी कंबर गेली होती ती दादांची!

परवा आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरूने, बँकेत आहे तो, मला विचारलं, "काकू, चांगले सिक्लिड कुठे मिळतील हो?" कुणाकडून तरी ऐकलं असेल की हिला त्यातलं कळतं. मी सांगितलं, कुठे मिळतील ते विचारू नकोस, कसे बघायचे ते विचार. दुकानात गेलास की काचेजवळ हात ने. चांगला मासा पुढे येतो, पर उघडे ठेवून. कोपऱ्यात मिटून बसलेला घेऊ नकोस, कितीही रंग असो. भडक रंगाच्या लहान पिल्लाचा तर भरवसाच धरू नकोस, औषध देऊन रंग आणतात. पोट आत गेलेलं नको. दुकानदाराला म्हण, माझ्यासमोर खायला घाल. जो धावत येत नाही तो आजारी. कुठल्या पाण्यात वाढलाय ते विचार, आणि उत्तर देताना तो इकडेतिकडे बघायला लागला तर उठून ये. भाडेकरूने सगळं फोनमध्ये लिहून घेतलं. आणखी एक गोष्ट विचारायला सांगायची होती, पण ती सांगायची तर हे सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून तेव्हा गप्प बसले.

एकदा शेठने दादांना सहा मरतुकडी पिल्लं दिली. फ्रंटोसा नावाची जात. "जगली तर तुझी पोरगी खरी," म्हणाला. अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे, त्या पांढऱ्यावर निळी झाक. चार मेली. दोन जगली, आणि वाढायला त्यांनी वर्षांवर वर्षं घेतली. या जातीला घाईच नाही. नर हातभर झाला, त्याच्या कपाळावर टेंगूळ आलं, बाशिंग बांधल्यासारखं. म्हणून तो नवरदेव आणि मादी ती नवरी. मी टाकीशी गेले की नवरदेव वर येऊन माझ्या बोटातून गोळी घ्यायचा. हसू नका, त्या घरात माझी वाट बघणारं दुसरं कोण होतं?

माझ्या लग्नाचं बोलणं तेव्हा सुरू झालंच होतं. मी दादांना सांगितलं, मला टाक्या करायच्या आहेत, मला सोडवत नाहीत. एक दिवस दादा म्हणाले, "फ्रंटोसानं पिल्लं दिली तर शेठ सोता बघाया येनार हाय. तो म्हनला का पोरीच्या हाताला गुन हाय, तर टाक्या तुझ्या. तुला कुनी लग्नाचं विचारनार नाय, तू म्हनशील तवा. नायतर मग माझं ऐकायचं." शेठने आणखी एक कबूल केलं होतं. आमचा माल तो दुकानात सिंगापूरचा म्हणून विकायचा. गिऱ्हाइकाने विचारलं, एवढे छान मासे कुठून आणता, की सिंगापूर! या जोडीने पिल्लं दिली तर तो खरं गाव सांगणार होता. माझं सगळं आयुष्य त्या दोन माशांवर येऊन टेकलं होतं, आणि मला त्याची भीती वाटत नव्हती, कारण मासे माझे होते.

नवरीने एक दिवस खाणं सोडलं. गोळी टाकली की बाजूला जायची. हनुवटी फुगलेली, तोंड घट्ट मिटलेलं. मी घाबरले, आईला बोलावलं. आईने वाकून बघितलं आणि पदराने तोंड पुसत हसली. "खुळे, तोंडात पोरं हायत तिच्या. चिलापी नाय करत तशी? पोरं तोंडात असल्यावर खाईल कशी?" तसंच होतं. महिनाभर मादी उपाशी राहते, पिल्लं तोंडात फिरवत, आणि नीट पोहायला लागली की सोडते. दादांनी वाण्याच्या दुकानातून शेठला फोन लावला. शेठ म्हणाला, महिना भरत आला की रविवारी येतो, आणि हसत म्हणाला, "तुमच्या धरणातली चिलापी खाणार हां!"

त्या रविवारी सकाळी दादा शेठला घ्यायला मुरबाडच्या स्टँडवर गेले. काकांना सायकलवर धरणाकडे पिटाळलं, चिलापी आणायला. आईने चुलीवर भात टाकला आणि मला म्हणाली, "जा गो, ओढ्याचं पानी आन. आज डाळ शिजाया पायजे." मी दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला ओढ्यावर गर्दी होती, मला उशीर झाला. आजही मला त्या हंड्याचा राग येतो. पाहुण्याची डाळ मऊ व्हावी म्हणून मी घरातून गेले होते.

काका धरणावर पोचलेच नव्हते. वाटेत ओळखीच्या एकाकडे ताडी प्यायला बसले आणि उन्हं वर आल्यावर उठले. रिकाम्या हाताने घरी आले तर आई विचारणार, दादा विचारणार. म्हणून ते मागच्या वाटेने आले, गोठ्यात शिरले, आणि सगळ्यांत मोठे दोन दिसले ते काढले. दगडावर आपटले, खवलं काढली, राख चोळली आणि आपल्या बायकोसमोर, माझ्या काकूसमोर, नेऊन टाकले. "घे, चिलापी." काकूला राखेत काही कळलं नाही. आई पुढे तांदळाच्या भाकऱ्या करत होती. काकूने विळीवर पहिलं डोकं कापलं, दुसरं कापलं, आणि दुसऱ्याच्या तोंडातून पिल्लं परातीत पडली. वळवळणारी. काकूने ती घाईघाईने पाण्याच्या पातेल्यात टाकली. मग मासे धुतले तेव्हा राख गेली आणि पट्टे दिसले. हे सगळं तिने मला नंतर सांगितलं, रडत. तिने काय करायचं होतं? कापलेले मासे काही परत जोडता येत नाहीत.

मी हंडा उतरवला तेव्हा मासा तळल्याचा वास येत होता. चांगला वास होता, हे सांगायला मला लाज वाटते. मी गोठ्यात गेले. पंप चालू होता, पाणी हलत होतं, टाकीत कुणी नव्हतं. मी स्वयंपाकघरात आले, आईकडे बघितलं, आणि ती तव्याकडे बघत राहिली. काकूने कोपऱ्यातलं ताट उचललं, खाली पातेलं, पातेल्यात पिल्लं. इवलीशी, पण पट्टे मोजून सगळे नवरीचे. तेवढ्यात जीप दारात थांबली.

आईने दादांना आत बोलावून कानात सांगितलं. दादांनी तव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता ते ओटीवर जातील आणि काकांची गचांडी धरतील. ते म्हणाले, "आता काय बोलू नको. पाव्हना दारात हाय." शेठला आधी टाक्या बघायच्या होत्या. दादा म्हणाले, "आधी जेवून घ्या शेठ, गरम हाय तवर." काका आधीच पाटावर येऊन बसले होते. तोंडाला ताडीचा वास, चेहरा भोळा, जसं काही केलंच नाही असा.

वाढायला मीच होते. शेठने पहिला तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "वा! काय गोडी आहे! मुंबईत असा मासा मिळत नाही. कुठून आणलात?" काका म्हणाले, "हितलाच शेठ. घरचा." आणि हसले. म्हणून मी म्हणते की त्यांना कळलं होतं. चिलापी समजून काढले असं ते मरेपर्यंत सांगत राहिले, अर्धं गाव ते खरं मानतं. पण पट्टेवाली चिलापी कुणी कुठे बघितलीय? ते हसले, हे मी बघितलंय.

मग शेठने विचारलं, "जोडी कशी आहे माझी?" दादांचा हात घासावर थांबला. मला आठवतंय, बोटांना डाळ लागलेली. मऊ, पिवळी. खाली बघत ते म्हणाले, "गेली शेठ. दोनी गेली. पोरीचं पान्यात कायतरी चुकलं." शेठने जिभेने च्च केलं. "मी म्हणत होतो. नाजूक माल आहे, पोरीबाळींचं काम नाही." आणि दुसऱ्या तुकड्यासाठी ताट पुढे केलं.

काकांनी मासे मारले, ते मी एक वेळ सोडून देईन. दादांनी ते माझ्या नावावर घातले. इतकी वर्षं मी त्यांच्या बाजूने खूप विचार करून बघितला. भावाची अब्रू, घराची अब्रू, पाहुणा. सगळं मांडून बघितलं. नाही पटत.

मी आत गेले आणि पातेलं उचललं. आईने माझं मनगट धरलं. "जेवत्या मानसाला ताटावरनं उठवू नये गो. पाप लागतं." तिचा हात पिठाचा होता आणि पकड अशी की हाड दुखलं. आमच्याकडे ही रीत फार जुनी. वैरी जरी जेवायला बसला असेल तरी त्याचा घास अडवायचा नाही, भांडण असेल तर हात धुतल्यावर. मी पातेलं खाली ठेवलं. तवा उचलला, बाहेर गेले, आणि शेठच्या ताटात नवरीचा तुकडा वाढला. "घ्या ना," असंही म्हणाले.

शेठ पोटभर जेवला. ओटीच्या कडेला जाऊन चूळ भरली, हात धुतले, मी टॉवेल दिला. तो सुपारी कातरायला बसला तेव्हा मी पातेलं आणून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"शेठ, तुमी विचारलंत ना, मासा कुठून आनला. ही त्याची पोरं. तोंडातून निघाली, कापताना."

तो वाकला. कामातला माणूस, एका नजरेत ओळखलं. अडकित्ता हातातच राहिला. एकदा त्याने माझ्याकडे बघितलं, एकदा काकांकडे, आणि मग उठून जोत्याखाली गेला. त्याला ओकारी आली असेल असं वाटलं, पण नाही, नुसताच पाठ करून उभा राहिला. काका म्हणाले, "आवो मासाच ना तो? खाल्ला तर काय झालं?" त्यावर पहिल्यांदाच, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, आई आतून मोठ्याने बोलली, "तुमी गप बसा!"

शेठ परत आला आणि दादांना म्हणाला, "पोरीचं काही चुकलेलं नाही. अशी पिल्लं काढायला मुंबईत लोक मरतात. हिच्या हाताला गुण आहे." हेच ऐकायला मी इतकी वर्षं तांब्याने पाणी ओतलं होतं. मग तो म्हणाला, "पण तुझ्या घरात मी माल ठेवू कसा?"

मी मध्येच बोलले. "मी गोठ्याला कुलूप लावीन."

"कुणाला लावशील, बाळा? काकाला? आणि त्या कुलपाची किल्ली कुणाकडे, तुझ्या बापाकडेच ना?" तो रागावून नाही बोलला. म्हणूनच जास्त लागलं. मी दादांकडे बघितलं. अजूनही वेळ होती. ते म्हणू शकले असते, किल्ली पोरीकडे राहील. त्यांनी विडी पेटवली.

पिल्लं मात्र शेठने नेली. मीच भरून दिली. पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से हवा, तोंडाला पीळ देऊन दुहेरी रबर, जसं दादांनी शिकवलं होतं तसं. विहिरीचं पाणी भरलं, जन्माचं पाणी आहे, सवयीचं. त्यानंतर शेठकडून माल आला नाही. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं, मुरबाडात दिलं मला. टाक्यांत पुढे काकूने भाताचं बियाणं भिजवलं, मग त्यांना चिरा गेल्या. काका गेले तेव्हा मी दहाव्याला गेले नाही. दादा गेले तेव्हा गेले, आणि रडू आलं नाही.

लग्नानंतर एकदा यांच्या चुलतबहिणीच्या लग्नाची खरेदी करायला आम्ही मुंबईला गेलो होतो. मी हट्टाने त्या दुकानात गेले. शेठ नव्हता, गल्ल्यावर कुणी नवा होता. खालच्या पेटीत वीतभर वाढलेले पट्टेवाले मासे. मी काचेजवळ हात नेला. सगळे पुढे आले, पर उघडून. मी विचारलं, "हे कुठून आणता?"

"सिंगापूर, ताई. इम्पोर्टेड."

"यांची आई आमच्या तव्यावर गेली," मी म्हणाले. त्याला वाटलं बाई वेडी आहे. यांनी माझा दंड धरून मला बाहेर काढलं.

काल भाडेकरू पेटी घेऊन आला. काच, पंप, खडे, सगळं आणलं होतं. मासे अजून घ्यायचे होते. म्हणाला, "काकू, एक जण सापडलाय, घरीच पैदास करतो. तुम्ही सांगितलं ते सगळं विचारतो त्याला. आणखी काही विचारू?" मी चुलीवरची, म्हणजे आता गॅसवरची, डाळ घोटत होते. नळाचं पाणी, एका शिट्टीत शिजते.

"विचार त्याला," मी म्हटलं, "घरात आणखी कोण कोण राहतं. आणि गोठ्याची किल्ली कुणाकडे असते."